खाल्ल्या घरचे वासे

आईला फोनवर सांगितलं, की पुढचे चार दिवस मी एका पबमध्ये असणार आहे. ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, “अगं, गुत्त्याची मापं घ्यायला शिकवलं का तुला एवढं?”

उत्तर खरं तर ‘हो’ असंच होतं. मी चिपळूणजवळच्या एका वाडीतली. पुण्यात आर्किटेक्चर केलं, मग जुन्या इमारतींचं जतन शिकायला इंग्लंडला आले आणि ससेक्समधल्या एका लहानशा ऑफिसात चिकटले. तिथलं माझं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे हा पब. गावाचं नि पबचं नाव सांगत नाही, मालकिणीला तसा शब्द दिलाय. नॉर्थ डाउन्स आणि साउथ डाउन्स या खडूच्या दोन डोंगररांगांच्या मध्ये वील्ड नावाचा चिकणमातीचा, ओकच्या रानांचा पट्टा आहे, त्यातलं हे गाव. चर्च, शाळा, बंद पडलेलं पोस्ट ऑफिस आणि पब.

मालकीण म्हणते खरी, पण ती भाडेकरू. इमारत बिअर कंपनीची. तिला हवं होतं ते साधं होतं: मोठी बाररूम आणि तिच्या पलीकडची छोटी बैठकीची खोली, जिला इथे ‘स्नग’ म्हणतात, यांच्यामधली भिंत काढायची, एक मोठी जेवणाची खोली करायची आणि व्हीलचेअर जाईल असं एक स्वच्छतागृह बसवायचं. रविवारच्या जेवणाला चाळीस माणसं बसली तर धंदा तरेल, असं तिचं गणित. त्यात चूक काही नव्हती. आपण सगळे अशा ठिकाणी गेलो की ‘किती छान जुनं आहे’ म्हणतो, पण छताची गळती ‘छान’वर थांबत नाही.

अडचण एकच. पब यादीत होता. इंग्लंडमध्ये नोंद झालेल्या इमारतींचे तीन दर्जे असतात: ग्रेड एक, ग्रेड दोन स्टार आणि ग्रेड दोन. दहातल्या नऊ इमारती शेवटच्या दर्जात येतात, आमचा पबही त्यातच. दर्जा खालचा म्हणून सूट मात्र मिळत नाही. १९९० च्या कायद्याप्रमाणे अशा इमारतीच्या वैशिष्ट्याला धक्का लावणारं काम परवानगीशिवाय करणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि नोंद फक्त दर्शनी भिंतीची नसते, आतला जिना, दारं, पटई, सगळं त्यात येतं. अर्जाला सरकारी फी नाही. हे ऐकून मालकीण खूश झाली. मग तिने आमच्या ऑफिसचं अंदाजपत्रक पाहिलं.

यादीतलं वर्णन जेमतेम तीन ओळींचं. अठराव्या शतकातली इमारत, खाली लाल विटा, वर भिंतीवर टांगलेली कौलं, सरकत्या चौकटीच्या खिडक्या. भिंतीवर कौलं टांगण्याची रीत वील्डमध्ये सगळीकडे दिसते. पावसाचा मारा अडवायला माशाच्या खवल्यांसारखी ती लावतात. वर्णन रस्त्यावरून पाहून लिहिलं होतं हे उघड होतं. आत पाऊल टाकलं आणि डोक्याला तुळई लागली, तेव्हाच मला वाटलं, की बाहेरचं हे सगळं अंगरखा आहे.

पहिले दोन दिवस मापांचे. लेझर होता, पण आमच्या ऑफिसातल्या मुख्य बाईंचा दंडक असा, की पहिली फेरी हाताने. टेप, ओळंबा, दोरा, पाठीला फळी आणि कागद. मी एक गोष्ट घरून आणलेली वापरली: पाण्याचा पाइप. आपल्याकडे गवंडी लेव्हल बघायला पारदर्शक नळीत पाणी भरतात ना, तीच. माझा ऑफिसातला जोडीदार टेपचं दुसरं टोक धरून हसत होता. पण जिथे लेझरच्या रेषेआड खांब येत होता तिथे नळी कोपऱ्यातून वळून जायची. बारच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फरशी १४ सेंटिमीटर उतरत होती. रोज चार वाजता येऊन त्याच स्टुलावर बसणाऱ्या एका आजोबांनी हे ऐकून मान डोलावली. “म्हणूनच मी या टोकाला बसतो,” ते म्हणाले. “घरंगळलेलं सगळं माझ्याकडे येतं.”

दुसऱ्या दिवशी रात्री मी एकास पन्नासच्या प्रमाणात नकाशा काढून बाईंना पाठवला. सकाळी तो परत आला. बाररूमच्या चार कोपऱ्यांवर चार लाल वर्तुळं आणि बाजूला एकच प्रश्न: हे काटकोन कुठे मोजलेस?

मोजले नव्हते. हाताला सवय असते. दोन भिंती भेटल्या की तिथे गुण्या बसवायचा. मी परत गेले आणि प्रत्येक खोलीचे कर्ण घेतले. बाररूमचा एक कर्ण ६ मीटर ६९ सेंटिमीटर, दुसरा ६ मीटर ४६. म्हणजे खोली चौकोनी नव्हतीच, कुणी एका कोपऱ्याला धरून ओढावी तशी ती समांतर सरकली होती. ओकची घरं अशी सरकतात, त्याला कारण आहे. इथले जुने सुतार लाकूड वाळवत बसत नसत. ओक ओला असतानाच कापायचा, ओला असतानाच त्याला खाचा आणि कुसू काढायचे, सांध्यांत लाकडी खुंट्या ठोकायच्या आणि सांगाडा उभा करायचा. वाळल्यावर ओक लोखंडासारखा कडक होतो, करवत चालत नाही. घर उभं राहिल्यानंतर पुढची कित्येक वर्षं लाकूड जागेवर वाळतं, आकसतं, पिळतं, आणि सांधे आणखी आवळले जातात. वाकडेपणा हा त्या वाळण्याचा आणि पाया खचण्याचा हिशेब असतो. मी तो सरळ करून टाकला होता.

कर्ण घातल्यावर नकाशा खरा झाला आणि लगेच दुसरी भानगड दिसली. मागच्या भिंतीची बाहेरून लांबी १५ मीटर ९५ सेंटिमीटर. आतल्या सगळ्या खोल्या आणि मधल्या भिंतींच्या जाड्या मिळून १४ मीटर २०. पावणेदोन मीटर गायब.

पुढच्या बाजूला हे अंतर समजण्यासारखं होतं, कारण बार आणि स्नग यांच्यामध्ये विटांचं भलंमोठं धुराडं होतं. दोन्ही खोल्यांत पाठीला पाठ लावून दोन शेगड्या. बारकडची शेगडी एवढी मोठी, की आत दोन माणसं बसावीत. पण वर पोटमाळ्यातून जाणारं धुराडं इमारतीच्या पुढच्या अर्ध्यातच होतं. मागच्या अर्ध्यात बारकडून लाकडी फळ्यांची भिंत, स्नगकडूनही फळ्यांची भिंत, आणि दोन्हींच्या मध्ये काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मालकिणीला पाडायची होती ती हीच भिंत. ती एक नसून दोन होत्या.

मापं तीनदा तपासली. पावणेदोन मीटर काही परत आले नाहीत.

उत्तर वरून मिळणार होतं, पण पोटमाळ्यात लगेच जाता आलं नाही. झडप उघडून डोकं घातलं, तर तुळईवर बारीक काळ्या लेंड्या. उंदराची लेंडी कडक असते, वटवाघळाची चिमटीत धरली की भुगा होते, आत कीटकांच्या पंखांची चमचम असते. भुगा झाला. इथे वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे, त्यांची वस्ती विस्कटणं हाही गुन्हा. मग त्या विषयातले जाणकार बोलवायचे, त्यांनी संध्याकाळी बाहेर बसून किती वटवाघळं कुठून निघतात ते मोजायचं, आणि हे सगळं उन्हाळ्याच्या महिन्यांतच. आम्ही गेलो होतो मार्चमध्ये. म्हणजे चार दिवसांचं काम जूनपर्यंत लांबलं. मालकीण यावर काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमच्या वाडीत वटवाघूळ घरात शिरलं तर सूप घेऊन मागे लागतात, हे मी तिला सांगितलं, तेवढीच ती हसली.

जूनमध्ये, मोजक्या वेळेपुरतं आणि एका बाजूनेच जायचं या अटीवर, मी वर चढले. सकाळी मालकिणीने पोटभर खाऊ घातलं होतं: ब्रेड, चेडर चीज, लोणच्यातला कांदा, हॅमचा जाड तुकडा. ते खाऊन मी गुडघ्यांवर रांगत गेले आणि वासे मोजायला लागले. आठवा-नववा वासा झाल्यावर आपण काय करतोय ते लक्षात आलं आणि एकटीच मोठ्याने हसले. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे लोक पाहिले होते, ते काम पगार घेऊन करणारी बहुधा मीच.

वाशांच्या अठरा जोड्या होत्या. प्रत्येक जोडीवर सुताराने पटाशीने खुणा केलेल्या: एक रेघ, दोन रेघा, तीन. चारसाठी चार उभ्या रेघा, जुन्या घड्याळांवर असतात तशा. पाचाला दोन तिरक्या रेघा, दहाला फुली. घर आधी सुताराच्या अंगणात जमिनीवर आडवं पाडून जुळवायचे, प्रत्येक तुकड्यावर नंबर घालायचे, मग सुटं करून जागेवर आणून उभारायचे. इथे सात आणि आठची अदलाबदल झाली होती. उभारताना कुणीतरी चुकला आणि तसाच पुढे गेला. सातव्या जोडीच्या सांध्यात म्हणूनच बोटभर फट आहे आणि तिथे पाचर मारली आहे.

पण खरी गोष्ट रंगाची होती. विजेरीचा उजेड टाकत सरकत गेले. स्वयंपाकघराच्या बाजूचे वासे स्वच्छ, करडे. बाररूमच्या वर, म्हणजे मधल्या दोन खणांत, सगळे वासे, अगदी कौलांखालच्या जुन्या पट्ट्यांसकट, तपकिरी-काळे. मग एक अरुंद खण आला. तिथे काजळी थराथराने साठलेली, डांबरासारखी चकचकीत, नखाने खरवडली तर टवका निघेल अशी. त्या खणाच्या दोन्ही बाजूंना कुडाच्या भिंती पार आढ्यापर्यंत गेलेल्या. आणि पलीकडे, स्नगच्या वर, पुन्हा स्वच्छ.

हा अरुंद खण बघितल्यावर मी बसूनच राहिले. कारण हे मी पाहिलेलं होतं. ससेक्समध्येच सिंगलटनला जुन्या घरांचं एक मोकळ्यावरचं संग्रहालय आहे, १९७० मध्ये लोकांसाठी उघडलेलं. मोडण्याच्या वाटेवरची घरं सुटी करून तिथे आणून उभी केलीत. त्यातलं बेलीफ नावाचं शेतघर केंटमधलं, बो बीच धरणाच्या पाण्याखाली जाणार होतं म्हणून उचललेलं. त्यात मधली खोली थेट छपरापर्यंत उघडी आहे आणि जमिनीवर मधोमध विस्तव. धुराडं नाहीच. धूर वर जातो, वाशांत घुटमळतो, कौलांतून, खिडक्यांतून जमेल तसा बाहेर पडतो. मी तिथे गेले होते तेव्हा विस्तव पेटलेला होता. उभं राहिलं की डोळ्यांतून पाणी, बुटक्या बाकावर बसलं की ठीक. तिथून थोड्या अंतरावर पॉपलर कॉटेज आहे, नंतरच्या काळातलं. त्यात धुरासाठी घराचा एक अरुंद खण वेगळा ठेवलाय, खाली चूल, वर छपरापर्यंत पोकळी. धुराडं बांधण्याआधीची मधली पायरी.

आणि आमचा पब म्हणजे या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली. आधी मधोमध विस्तव असलेली उघडी मोठी खोली. तिचा धूर दोन खणांवर सारखा पसरलेला. मग कुणीतरी चूल एका टोकाच्या अरुंद खणात नेली आणि उरलेल्या खोलीवर मजला टाकला. बारमध्ये डोक्याला लागणारी तुळई ती त्याच मजल्याची. मग विटा स्वस्त झाल्यावर त्या धुराच्या खणात विटांचं धुराडं. मग पुढच्या बाजूला विटा, कौलं नि नव्या खिडक्यांचा अंगरखा. यादीतलं अठरावं शतक म्हणजे फक्त शेवटचं बटण.

आजीच्या घरी चुलीवरच्या माळ्यावर आंबोशी आणि बियाणं ठेवायचे. तिथले वासे असेच काळे. धूर बसलेल्या लाकडाला भुंगा लागत नाही, असं ती म्हणायची. इथले धुरकटलेले वासे खरंच शाबूत होते.

मग मी धुराड्याच्या मागे विजेरी मारली. खाली एक विहिरीसारखी पोकळी. धूळ, गिलाव्याचे तुकडे, कोळ्यांची जाळी, आणि त्यातून वर आलेला एक सुळका. जिन्याचा मधला खांब. त्याला धरून वळत जाणाऱ्या तीन पायऱ्या शिल्लक होत्या, बाकीच्या काढून टाकलेल्या. प्रत्येक पायरीला एकाच जागी खळगा, चमच्याएवढा खोल. वळणाच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा एकच असते, म्हणून झीजही एकाच ठिकाणी. पावणेदोन मीटर सापडले.

फळीभिंतीतली एक फळी मागे कुणीतरी स्क्रूने बसवली होती, तेवढी काढायला परवानगी मिळाली. आत हात घातला तर सगळ्यात खालच्या पायरीवर नाणी. एकतीस. बहुतेक मोठ्या, जाड, जुन्या पेन्या, काही नंतरची छोटी नाणी. एकीवर व्हिक्टोरिया राणीचं झिजलेलं डोकं. माझा जोडीदार लगेच म्हणाला, म्हणजे ही भिंत व्हिक्टोरियाच्या काळातली. पण नाण्यावरचं साल म्हणजे ते पडल्याचं साल नव्हे. १५ फेब्रुवारी १९७१ ला इंग्लंडने दशमान नाणी आणली, त्याच्या थोडं आधीपर्यंत लोकांच्या खिशात व्हिक्टोरियाच्या पेन्या खुळखुळत होत्या. फार तर एवढं म्हणता येतं, की १९७१ च्या आधीही आणि नंतरही कुणीतरी त्या फटीतून पैसे टाकत होतं.

कोण, ते चार वाजता कळलं. आजोबांनी नाण्यांकडे बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, “त्यातली चार-पाच माझी.” त्यांचे वडील डार्ट्सच्या सामन्याआधी एक पेनी त्या फटीत सरकवायचे. त्यांच्याआधी आणखी कोणी. का, ते त्यांना माहीत नव्हतं. “जिंकायचा का हो?” मी विचारलं. “फारसा नाही.”

मालकिणीला या सगळ्याचा आनंद झाला, असं मी म्हणणार नाही. तिची चाळीस माणसं आता त्या जिन्यात अडकली होती. “म्हणजे तू शोधून शोधून माझ्या मुळावर उठलीस,” अशा अर्थाचं ती बोलली, आणि ते सकाळच्या खाण्यानंतर मला चांगलंच लागलं. खाल्ल्या घरचे वासे, दुसऱ्यांदा.

वय ठरवायला एक झाडांच्या वर्तुळांचे तज्ज्ञ आले. पोकळ ड्रिलने ओकमध्ये पेन्सिलीएवढी भोकं पाडून आठ नमुने काढले. ओकला दर वर्षी एक वर्तुळ पडतं, पावसाळी वर्षी जाड, कोरड्या वर्षी बारीक. हा जाड-बारीकचा क्रम आधीच्या नोंदींशी जुळवला की झाड कधी तोडलं ते कळतं, सालीखालची कड शिल्लक असेल तर ऋतूसकट. मी फार आशा लावून बसले होते. निकाल आला: तारीख नाही. वील्डमधला ओक भराभर वाढतो, जाड तुळईतही वर्तुळं चाळीसच्या आत, आणि जुळवायला साधारण पन्नास तरी लागतात. एवढा खर्च करून हे कळलं. मग तुळयांच्या सांध्यांच्या पद्धतीवरून ‘सोळाव्या शतकाची सुरुवात असावी’ इतकंच अहवालात लिहिलं. ‘असावी’ हा शब्द बाईंनी दोनदा अधोरेखित केला.

मधल्या काळात मी नुसत्या जिन्याच्या मागे न लागता घर पब कधी झालं तेही बघत होते. इथल्या कित्येक गावच्या पबांची गोष्ट सारखीच आहे. मुळात शेतकऱ्याचं घर. १८३० मध्ये कायदा आला, की कर भरणाऱ्या कोणीही वर्षाला दोन गिनी भरून परवाना घ्यावा आणि स्वतःच्या घरात बिअर विकावी. लोकांनी जिन या कडक दारूऐवजी बिअर प्यावी, हा हेतू. घराघरांतून पाट्या लागल्या. नवी इमारत कुणी बांधली नाही, होत्या त्याच खोल्या वापरल्या. वूस्टरशायरमधल्या ब्रेटफर्टन गावचा ‘फ्लीस’ हा त्यातला नामी नमुना: पंधराव्या शतकातलं शेतघर, १८४८ मध्ये परवाना, आणि १९७७ मध्ये शेवटच्या मालकीण लोला टॅपलिन यांनी मृत्युपत्राने नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिलेलं. २००४ मध्ये त्याचं गवती छप्पर जळालं, पण ते दुरुस्त करून पुन्हा चालू आहे. मी मुद्दाम जाऊन आले. तिथे चुलीसमोरच्या फरशीवर खडूची वर्तुळं काढतात, धुराड्यातून चेटकिणी येऊ नयेत म्हणून. खोल्या अजून लहान-लहानच आहेत, आणि भरलेल्या आहेत.

आमच्या पबात खडू नव्हता, पण मोठ्या शेगडीवरच्या आडव्या तुळईवर अश्रूच्या थेंबासारखे जळके डाग होते, सात-आठ. मालकिणीला वाटायचं, सिगारेटी. मी नखाएवढ्या खोल त्या खाचेत बोट घातलं. वर टोकदार, खाली गोल. मेणवात लाकडाजवळ तिरकी, बराच वेळ धरली तरच असा डाग पडतो. मुद्दाम केलेले असतात, बहुतेक घराला आग लागू नये म्हणून. आगीला आगीचा नैवेद्य. आपल्याकडे लिंबू-मिरची, इथे हे.

आणि बिअरची खोली! माझी सगळ्यात आवडती. जमिनीत पाणी म्हणून वील्डमध्ये तळघर नीट होत नाही, तेव्हा पिंपं ठेवायची खोली जमिनीवरच, उत्तरेच्या कोपऱ्यात, ऊन न लागणाऱ्या बाजूला. जुन्या इंग्रजी घरात नेमक्या याच टोकाला ‘बटरी’ असायची. तिचा लोण्याशी संबंध नाही, ‘बट’ म्हणजे पिंप. म्हणजे शेतकऱ्याने घरची बिअर जिथे ठेवली, तिथेच आजही कंपनीची ठेवतात, ११ ते १३ अंशांवर. काउंटर मात्र अगदी अलीकडचा. पूर्वी मागच्या खोलीतून बिअरचे जग भरून आणून द्यायचे. जोसेफ ब्रामाने १७९७ मध्ये हातपंपाचं पेटंट घेतलं, त्यानंतर कुठे बिअर पिंपातून ओढून बसल्या जागी काढायची सोय झाली, आणि पंप बसवायला एक फळी लागली. पबचं जे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं, त्यातली सर्वात नवी वस्तू तीच.

अर्ज केला तेव्हा भिंत पाडण्याचा विचार सोडून दिलेला होता. परवानगी देणाऱ्या स्थानिक कौन्सिलचे अधिकारी येऊन गेले, पोटमाळ्यात चढले, कपड्यांना काजळी लावून घेतली आणि खाली येऊन मालकिणीशी तासभर बोलले. मला वाटलं होतं ते नियम सांगतील. ते हिशेब विचारत होते: किती खुर्च्या, किती रविवार. स्वच्छतागृह मागच्या बाजूला १९६० च्या दशकातल्या पत्र्याच्या वाढीव खोलीत बसेल, हे त्यांनीच सुचवलं. त्या खोलीचं कुणालाही सोयरसुतक नव्हतं. ती मोठी केली, तर जेवणाची वीस माणसंही तिथेच. निर्णय आठ आठवड्यांत द्यायचा असतो, आम्हाला तेराव्या आठवड्यात मिळाला. मंजूर, सात अटींसह.

तेरा आठवडे वाट बघणं किती जड जातं ते मी त्या पबात बसून पाहिलं. पण २०२३ च्या ऑगस्टमध्ये स्टॅफर्डशायरमधला ‘क्रुकेड हाउस’ जळाला आणि दोन दिवसांत त्याच्यावर यंत्र फिरलं. खाणीमुळे कलंडलेला, फरशीवरून गोटी चढावर जाते असं वाटायला लावणारा पब. तो यादीत नव्हता. पुढच्या फेब्रुवारीत कौन्सिलने पुन्हा बांधायची नोटीस काढली. जिन्याचे खळगे मात्र नोटिशीने परत येत नाहीत.

अटींमधली एक मागच्या भिंतीबद्दल होती. तिला कधीतरी सिमेंटचा गिलावा मारलेला. दिसायला मजबूत. सुताराने त्याच्या खाली जोत्यावरच्या ओकच्या तुळईत स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला, ओल्या केकमध्ये जावा तसा. सिमेंटला भेगा पडतात, पाणी आत जातं, बाहेर यायला वाट नसते, आणि पाचशे वर्षं टिकलेला ओक तीस-चाळीस वर्षांत कुजतो. तेवढाच भाग कापून नव्या ओकचा जोड दिला, आणि गिलावा चुन्याचा.

सिमेंट निघाल्यावर आतला कूड उघडा पडला. ओकच्या उभ्या पट्ट्या, त्यांत विणलेल्या हेझल नावाच्या झुडपाच्या काठ्या, वर माती, पेंढा, शेण. आमच्या वाडीतल्या जुन्या घराची स्वयंपाकघराची भिंत अशीच, फक्त हेझलच्या जागी कारवी. एका ठिकाणी मातीत चार बोटांचे ठसे होते. लिंपताना कुणीतरी शेवटचा गोळा दाबून हात काढला होता. मी फोटो काढून आईला पाठवला. तिचं उत्तर आलं: “हे तर आपलं पडवीतलं कूड. गुत्त्यात कुठे सापडलं?” नवीन भाग लिंपायची वेळ आली, तेव्हा मिश्रण फार पातळ होतंय, हे मी सुताराला सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि थापी माझ्या हातात दिली. थापी बाजूला ठेवून मी हातानेच लिंपलं. आता त्या भिंतीत, चुन्याच्या आड, माझीही बोटं आहेत. अहवालात हे लिहिलेलं नाही.

जिना तसाच ठेवला. फळीभिंतीला एक छोटं दार केलं, कुणाला बघायचं असेल तर मालकीण उघडून दाखवते आणि एक पिंट घ्यायला लावते. नाणी पिशवीत घालून, यादी करून तिच्याकडेच.

काम संपल्यावर शेवटची मापं घ्यायला गेले तेव्हा आजोबा नाराज होते. सुताराने फळ्या घट्ट बसवल्या होत्या, फट बुजली होती. मालकिणीने सुताराला बोलावलं. कौन्सिलला विचारायचं का, यावर थोडी चर्चा झाली. मग त्याने एक फळी सोडवली, कड थोडी रंधली आणि पुन्हा बसवली. मी टेप लावला. अंतिम नकाशावर, बाररूम, मागची फळीभिंत, फरशीपासून १ मीटर १२ सेंटिमीटरवर, माझ्या अक्षरात नोंद आहे: ३ मिलिमीटर फट, आधीपासूनची, तशीच ठेवावी.